घरचा मेल

या लिखाणात कुणाचंच नाव येणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको. माझ्या धाकट्या बहिणीचं नाही, तिच्या नवऱ्याचं नाही, आणि ती ज्या गावात जाऊन राहिली त्या गावाचं तर नाहीच नाही. पूर्वी मी अशी नव्हते. सगळ्या नातेवाइकांचे नंबर आणि जन्मतारखा तोंडपाठ असल्याचा तोरा मिरवायची. आता दुकानातली मुलगी नुसतं "मॅडम, मोबाईल नंबर?" म्हणाली तरी मी त्या बिचारीवर उगाच खेकसते.

भिवंडीत नारपोलीला माझा कम्प्युटर क्लास आहे. पहिल्या मजल्यावर एक खोली, आठ कम्प्युटर, खाली लूमचा कारखाना. दिवसभर जमीन थरथरते, कीबोर्डच्या फटींत कापसाची तूस जाऊन बसते आणि शिकवताना ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे घरीसुद्धा माझा आवाज चढलेलाच असतो, आई म्हणते तू बोलतेस का भांडतेस ते कळत न्हाय. क्लासला बहुतेक मुलीच येतात. त्यांच्या आया जिन्यात चपला काढून वर येतात आणि सांगतात, "मॅडम, इसका मेल बना दो. पासवर्ड आप ही रख लो, हमसे तो खो जाएगा." मी ठेवायची. मला त्यात भूषण वाटायचं. अख्ख्या गल्लीच्या चाव्या माझ्या कमरेला!

आमच्या घरात कम्प्युटरला पहिला हात मी लावला. त्यामुळे कुणाकडंही नवा फोन आला की त्याचा रस्ता ठरलेला होता. आमच्यात नवी वस्तू आली की आधी भिंतीवरच्या फोटोंपुढं ठेवतात, मेणबत्ती लावतात, हात जोडतात आणि मग वापरायला घेतात. फोनचंही तसंच. फोटोंपुढून उठला की तो थेट माझ्या हातात. "ताई, चालू करून दे."

आणि फोन चालू केला की तो आधी विचारतो, मेल आयडी काय? आता आमच्या आत्याचा कुठला मेल आयडी? मामाचा कुठला? सुरुवातीला मी प्रत्येकाला वेगळा करून दिला. महिन्याभरात सगळे पासवर्ड विसरले. "ताई, तो शब्द काय होता गं?" जेवताना फोन, आंघोळीत फोन. शेवटी माझं डोकं फिरलं. मी एकच मेल काढला, सगळ्या खानदानासाठी. त्याचं नाव पडलं 'घरचा मेल'. आणि पासवर्ड ठेवला एक तारीख. कोणती ते सांगत नाही, पण आमच्या लोकांत कुणालाही झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही. त्या तारखेला आम्ही नवे कपडे घालतो, मिरवणुकीत नाचतो. "ती तारीख विसरला तर घरात घेणार नाही," असा मी दमही दिला होता. कुणी विसरलं नाही.

पुढची काही वर्षं त्या मेलनं आमची फार करमणूक केली. मामानं काढलेले त्याच्या बकरीचे फोटो आत्याच्या फोनवर. आत्यानं साठवलेला दूधवाल्याचा नंबर मामाच्या फोनवर. एकदा कुणीतरी मूळव्याधीवर घरगुती उपाय शोधले आणि ते आईच्या फोनवर दिसायला लागले. आई सगळ्यांना फोन करून विचारत बसली, "कुनाला तरास होतोय रं, लाजू नका." आम्ही पोट धरधरून हसलो. आमच्या दहा बाय पंधराच्या खोलीत सहाजण वाढलो होतो, कपडे बदलताना बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड करायचं. लपवालपवी कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं. क्लासमध्ये मात्र मी फळ्यावर लिहायची: आपला पासवर्ड कुणालाही सांगू नये. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा.

धाकटीचं लग्न झालं ते राहनाळच्या गोदामात सुपरवायझर असलेल्या मुलाशी. शांत, नीटनेटका, शर्टाची इस्त्री मोडलेली कधी दिसली नाही. मला अहो-जाहो करायचा, "ताई, जेवलात का?" विचारल्याशिवाय बोलायला सुरुवात नाही. गोदामात बाहेरगावी जाणारी पार्सलं यायची. प्रत्येक खोक्यावर पट्ट्यापट्ट्यांचं लेबल, हातातलं यंत्र त्याच्यावर धरलं की टिक करून आवाज, आणि ते खोकं कुठून आलं, कुठं चाललं, आत्ता कुठं आहे, सगळं पडद्यावर. हे त्याचं काम. त्याला ते फार आवडायचं. जेवताना सांगायचा, "एक खोकं हरवत नाही, ताई. हरवूच शकत नाही."

लग्नानंतर त्यानं नवा फोन घेतला आणि माझ्याकडं आणला. त्याला स्वतःचा मेल होता की नाही हे मी विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, "भाऊजी, तुम्ही आता घरचे." टाकला घरचा मेल. धाकटीच्या फोनवर तोच होता, माझ्याही फोनवर तोच.

मग धाकटीची पोरगी शाळेत जायला लागली त्या सुमारास, एक दिवस तो दुपारी घाईघाईत क्लासवर आला. फोन गोदामात कुठंतरी पडला होता, सायलेंटवर होता, सापडत नव्हता. मी म्हटलं बसा. कम्प्युटरवर घरचा मेल उघडला, तारीख टाकली, फोन शोधायचं पान काढलं. नकाशा आला. राहनाळ. गोदामाच्या पत्र्यावर एक हिरवा ठिपका. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "आता तिकडं वाजत असेल, सायलेंट असला तरी." त्यानं माझ्या फोनवरून गोदामातल्या माणसाला विचारलं. खरंच वाजत होता, खोक्यांच्या थप्पीमागं.

तो खूश होऊन हसला. मग पडद्यावरच्या डाव्या बाजूला बोट लावून म्हणाला, "यात सगळेच दिसतात की, ताई." यादी होती तिथं. आईचा फोन, मामाचा, आत्याचा, धाकटीचा. मी म्हटलं, "दिसणारच. घरचेच आहेत ना सगळे." आणि मीच, माझ्या हातानं, धाकटीच्या नावावर टिचकी मारून दाखवली. बघा, बाजारात आहे. भाजी घेतेय.

मेले कशी नाही मी त्या क्षणी! पण तेव्हा मला चहा गोड लागला होता. जावयानं हुशारीचं कौतुक केलं म्हणून मी आईला घरी जाऊन दोनदा सांगितलं होतं.

त्यानंतर साधारण वर्षभरानं धाकटी मला म्हणायला लागली, "ताई, त्यांना सगळं कळतं गं." सगळं म्हणजे? तर ती आमच्याकडं येऊन गेली की संध्याकाळी तो विचारायचा, साडेबारा ते दोन नारपोलीत काय काम होतं? दवाखान्यात गेली तर, तिथं चाळीस मिनिटं का लागली? एकदा ती शाळेच्या मैत्रिणीकडं गेली, कुणालाही न सांगता. रात्री ताट वाढताना त्यानं त्या बिल्डिंगचं नाव घेतलं. ती म्हणाली, "मला वाटतं माझ्या मनातलं पण ऐकू येतं त्यांना." बोलताना ती आवाज खाली करायची. आमच्याच घरात, आमच्याच ओट्याशी उभी राहून.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "कुणीतरी बघून सांगत असेल. भिवंडी केवढीशी!" आणि वर हसले. आठ कम्प्युटर चालवणारी, सर्टिफिकेटं फ्रेम करून लावणारी बाई. माझ्या डोक्यात ट्यूबच पेटली नाही. कारण घरचा मेल ही माझ्या दृष्टीनं प्रेमाची गोष्ट होती, तिच्यात असं काही असेल हे मला सुचणं शक्य नव्हतं.

मग मनगटाला पट्टी दिसली. दारात अडकलं म्हणाली. मग दुसऱ्यांदा दिसली तेव्हा दार म्हणालीच नाही. आम्ही चौकीत अर्ज दिला, तिथल्या साहेबांनी त्याला बोलावून समज दिली, त्यानं हात जोडून लिहून दिलं. दोन महिने बरे गेले. तिसऱ्या महिन्यात भाची, सात वर्षांची पोर, माझ्या कानात म्हणाली, "मावशी, पप्पा दार लावतात ना, तेव्हा मी टीव्ही मोठा करते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निघायचं ठरलं. माझी ट्रेनिंगच्या वेळची एक मैत्रीण दूरच्या गावात मुलींचं हॉस्टेल सांभाळते. तिनं धाकटीला तिथल्या स्वयंपाकघरात काम दिलं आणि जवळच एक खोली बघून दिली. एका दुपारी, तो ड्युटीवर असताना, धाकटी पोरीला शाळेतून घेऊन परस्पर एस.टी.त बसली. पत्ता मला आणि मैत्रिणीला माहीत. आईलासुद्धा नाही. आणि फोनचं सगळं मी बघितलं, मी सोडून कोण बघणार? नवं सिम घेतलं, जुनं मोडून गटारात टाकलं. धाकटी म्हणाली, "फोन पण बदलू का?" मी म्हटलं, "गरज नाही. नंबर बदलला म्हणजे संपलं. पोरीचे लहानपणीचे फोटो आहेत त्यात, ते जातील." इतक्या ठामपणे सांगितलं मी. तिनं ऐकलं. ती माझं नेहमीच ऐकायची.

पहिले दोन आठवडे तो आमच्याकडं रोज यायचा. रडायचा, आईच्या पाया पडायचा. "मामी, फक्त एकदा बोलायचंय." आईला पत्ता माहीतच नव्हता, तीही रडायची. मग त्याचं येणं थांबलं. मला वाटलं, थकला. हळूहळू मला जेवण जायला लागलं.

तो शनिवार होता. दुपारी क्लासमध्ये तीन मुली टायपिंग करत होत्या. लाइट गेले. लूम एकदम थांबले आणि कानात नुसतं सुंसुं व्हायला लागलं. मुलींना घरी पाठवलं. इन्व्हर्टरवर एकच कम्प्युटर चालतो, तो चालू ठेवून मी खिडकी उघडत होते तर मागून आवाज आला, "ताई, जेवलात का?"

दारात तो उभा. इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, या. खुर्ची दिली. काय करणार? त्यानं क्लासबद्दल विचारलं, आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं. मी उत्तरं देत होते आणि मनात म्हणत होते, जा, जा, जा. मग उठला. दाराशी जाऊन म्हणाला, "नवीन शाळेचा निळा फ्रॉक छान दिसतो तिला. दोन वेण्या पण छान. फक्त स्वेटर घ्यायला पाहिजे, तिकडं थंडी जास्त असते."

मी मागची खुर्ची ओढून बसले.

"उद्या सुट्टी आहे मला," तो म्हणाला. "जाऊन येतो जरा. येऊ का, ताई?" आणि जिना उतरून गेला. लूम बंद होते म्हणून त्याची प्रत्येक पायरी मला ऐकू आली.

निळा फ्रॉक? मलाच माहीत नव्हतं शाळेचा फ्रॉक निळा आहे ते! मी फोन काढला आणि गॅलरी उघडली. रोज कोण उघडतं? घरचे फोटो इतके येऊन पडायचे की मी वर्षभर बघितली नव्हती. वरच मामाची बकरी. तिच्या खाली भाची. निळा फ्रॉक, दोन वेण्या, हसताना पुढचा दात पडलेला. मागं शाळेची पाटी. पूर्ण नाव, गावासकट.

तेव्हा मला कळलं. तेव्हा, त्या खुर्चीवर. नंबर बदलला होता, पण फोनवर मेल तोच होता. धाकटीनं आपल्या लेकीचा फोटो काढला आणि तो आपसूक आईकडं गेला, मामाकडं गेला, आणि त्याच्याकडं गेला. मी कम्प्युटरवर घरचा मेल उघडला, तारीख टाकताना दोनदा चुकले. फोन शोधायचं पान. डाव्या बाजूला यादी. धाकटीच्या नावावर टिचकी मारली. नकाशा सरकत सरकत गेला आणि त्या गावात, त्या हॉस्टेलवर जाऊन थांबला. हिरवा ठिपका. 'आत्ता'.

किती दिवस तो हा ठिपका बघत होता? ती सकाळी खोलीतून निघते, पोरीला शाळेत सोडते, हॉस्टेलवर जाते, साडेपाचला परत. रोज बघत असणार. रडायचं थांबला त्या दिवसापासून बघत असणार. आणि मला वाटत होतं तो थकला.

मी माझ्या फोनवरून बोलायलाही भ्यायले. तो माझं बोलणं ऐकू शकत नव्हता, हे आता मला माहीत आहे, पण त्या दुपारी मला कशाचाच भरवसा वाटत नव्हता. खाली झेरॉक्सवाल्या चाचांकडं गेले, म्हटलं, "चाचा, जरा फोन देना, अर्जंट है." माझं तोंड बघून त्यांनी काही न विचारता दिला. मैत्रिणीला लावला. ती धाकटीला भांड्यांवरून उठवून घेऊन आली.

मी सगळं सांगितलं. मीच त्याला शिकवलं, तेही सांगितलं. मी म्हटलं, "फोन बंद कर आधी. आत्ताच्या आत्ता बंद कर."

"बंद केला तर त्यांना कळेल ना?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षा शांत होता. "आज संध्याकाळीच निघतील मग. चालूच राहू दे. खोलीवर जाऊन चार्जिंगला लावते आणि तिथंच ठेवते. आम्ही जातो."

हे तिला सुचलं. जिला मी मेलचा अर्थ कधी समजावून सांगितला नव्हता, तिला. मला नाही सुचलं.

"कुठं जाशील?" मी विचारलं. "थांब, मी बघते, एक ओळखीच्या बाई आहेत तिकडं..."

"ताई, तू नको बघूस."

"अगं पण..."

"तू मला सांगू नकोस आणि मी तुला सांगणार नाही. राग मानू नकोस. तू माझ्यासाठी जीव टाकतेस, मला माहीत नाही का? पण तुला कळलं की त्यांना कळतं." मग ती रडायला लागली. "पोरगी आत्ता कुठं शाळेत रमली होती गं."

मैत्रिणीनं फोन घेतला. म्हणाली, इथल्या पोलिसांना मी सांगून ठेवते, घरमालकिणीलाही. हिची सोय करते, पण ती म्हणते तसं, तुलाही नाही सांगणार. चाचांनी दुकानातलं स्टूल पुढं सरकवलं तेव्हा मला कळलं की मी फूटपाथवर बसलेय.

रविवारी सकाळी सातला मी क्लास उघडला. आईला सांगितलं, परीक्षेचे फॉर्म भरायचेत. पडद्यावर नकाशा लावून बसले. यादीत त्याचाही फोन होता, का नसणार? मीच तर चालू करून दिला होता. त्याच्या नावावर टिचकी मारली. राहनाळ. मला लाजही वाटत होती आणि नजरही हटत नव्हती. माणूस माणसाला असं बघत असतो तर, म्हटलं. भिंतीआडून, डास मारायच्या गुड नाइटसारखा मिणमिणता हिरवा ठिपका लावून.

पावणेआठला तो ठिपका हलला. हायवेला लागला. मी मैत्रिणीला चाचांच्या फोनवरून कळवून आले. परत येईस्तोवर तो बराच पुढं गेला होता. मध्ये एका ठिकाणी वीस मिनिटं थांबला. नाश्ता करत असेल. नाश्ता! धाकटीचा ठिपका तिच्या खोलीवर होता, हलत नव्हता. मला पक्कं माहीत होतं की ती तिथं नाही. तरीही तो ठिपका म्हणजे तीच आहे असं वाटत होतं आणि मी पडद्याला म्हणत होते, ऊठ गं, ऊठ, पळ. आणि वेड्यासारखी एक शंका येत होती, गेलीच नसेल तर? पोरीला ताप आला असेल तर? गाडी चुकली असेल तर? विचारायची सोय नव्हती. मैत्रिणीलाही मी "गेली ना नक्की?" असं चारदा विचारलं होतं, पाचव्यांदा ती चिडली.

अकरानंतर तो त्या गावात शिरला. नकाशा मोठा केला. बाजार. शाळेचा रस्ता. शाळेपाशी जरा थांबला. मग गल्ली. मग त्याचा ठिपका तिच्या ठिपक्यावर जाऊन बसला आणि पडद्यावर एकच दिसायला लागला.

मी टेबलाची कड धरून उभी राहिले होते. पाच मिनिटं झाली. सात झाली. आणि माझा फोन वाजला. पडद्यावर आलं: धाकटी.

तिचा नवा नंबर मी तसा साठवला होता. क्षणभर मला वाटलं, संपलं, ती तिथंच होती. कानाला लावला. पलीकडं श्वास. मग, "ताई, कुठंय ती?"

त्यानं 'जेवलात का' विचारलं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत नाही असं होईल का? फोन इथं खिडकीत ठेवून गेली. हे डोकं तिचं नाही. तुमचं आहे."

"माझं नाही. तिचंच आहे."

"ताई, मी शेवटचं विचारतोय."

"मला माहीत नाही, भाऊजी. तिनं मला सांगितलं नाही. मला सांगणार नाही म्हणाली." आणि हे बोलताना माझा आवाज फुटला, कारण ते खरं होतं आणि मला ते अजून पचलं नव्हतं. मी हमसून हमसून रडायला लागले. त्याच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते राहिलंच नाही.

तो ऐकत राहिला. मग हळूच, जवळजवळ नवल वाटल्यासारखा म्हणाला, "खरंच माहीत नाही तुम्हाला." आणि फोन ठेवला.

आदल्या दिवशी धाकटीनं पत्ता सांगितला असता तर तो माझ्या आवाजात त्याला ऐकू आला असता. मला धड खोटं बोलता येत नाही, आमच्या घरात कुणालाच येत नाही, आम्हाला कधी गरजच पडली नव्हती.

दोन्ही ठिपके परत हलले. एकत्र, भिवंडीच्या दिशेनं. तिचा फोन त्यानं खिशात घातला होता. आता तो माझ्याकडं येणार होता. मला एक करता येत होतं: बघत बसायचं, कुठवर आला ते कळत राहिलं असतं. पण मी घरच्या मेलचा पासवर्ड बदलला, सगळे फोन त्यातून काढून टाकले. मग तो मेलच कायमचा पुसून टाकला. मामाची बकरी गेली, आत्याचे नंबर गेले, भाचीचा पडलेला दात गेला. नकाशा कोरा झाला. आता तो मला दिसत नव्हता, आणि खाली लूम एवढे चालू होते की जिन्यावर कुणी आलं असतं तरी कळलं नसतं. मी दाराला कडी लावून, मुलींची बाकं दाराशी ओढून, चाचांना खाली बसवून संध्याकाळपर्यंत आत बसले.

तो आला नाही. त्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. कधीतरी राहनाळच्या रस्त्याला दिसतो, मान लववतो. रिक्षात असले तर मी ओढणी तोंडावर घेते, जशी काही चोरी मी केलीय.

घरात सगळे नाराज आहेत. फोटो गेले म्हणून आत्या बोलत नाही. प्रत्येकाला मी स्वतंत्र मेल काढून दिलाय, पासवर्ड त्यांचा त्यांनी टाकला, मी तोंड फिरवून उभी राहिले. मामा चिडून म्हणाला, एवढं काय मोठं लागून गेलंय? विसरला की आता क्लासवर येऊन ओरडतो आणि मीही ओरडते. मुलींच्या आयांना पासवर्डची वही परत दिली, पान पान फाडून. त्यांना वाटलं मॅडमचं काहीतरी बिनसलंय.

धाकटीचा फोन येतो, दोन-तीन महिन्यांतून एकदा. दर वेळी वेगळ्या, कुणातरी दुसऱ्याच्या नंबरवरून. दोन मिनिटं. बरी आहे म्हणते. पोरगी चौथीत गेली. मागून एकदा मला घंटेचा आवाज आला, एकदा कोंबडा, आणि माझं मन लगेच धावायला लागलं, कुठलं गाव असेल? मी मनाला चापट मारते. फोन ठेवला की तो नंबर मी पुसून टाकते.

आई थकली आहे. गुडघ्यामुळं खाली उतरत नाही, दिवसभर खाटेवर बसून असते. नातीला बघून दोन वर्षं होत आली. रोज संध्याकाळी मी चहा घेऊन गेले की कप हातात धरून तेच विचारते, "तुला तर समदं येतं ना कम्प्युटरमधलं. मंग शोध की तिला. मला नुसतं सांग कुठं हाय, मी जानार न्हाय."

येतं मला. ती ज्या नंबरांवरून फोन करते त्यांच्यावरून, भाचीच्या वयावरून, शाळांच्या याद्यांवरून, दोन-तीन रस्ते मला सुचलेतसुद्धा. एका दुपारी क्लास रिकामा असताना मी भाचीचं नाव टाइप करून बसले होते. एंटर दाबलं नाही. अक्षरं एकेक करून खोडली आणि कम्प्युटर बंद केला.

"नाही गं आई," मी म्हणते. "एवढं नाही येत मला."